उजवा की डावा

प्रिय ठकू,

तू पाठवलेलं खोकं पोचलं हे फोनवर सांगितलंच आहे. 'कसं वाटलं?' असं तू विचारलंस तेव्हा तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून मी 'बरं आहे' एवढंच म्हणालो. लिफ्ट तपासून झाली की इमारतीच्या मालकालाही मी हेच उत्तर द्यायचो. त्यातून त्याला काही कळायचं नाही आणि मला जिना उतरून घरी जाता यायचं. आज ती वरच्या मजल्यावर गेली आहे आणि मी टेबल मोकळं करून बसलो आहे. आईच्या शिवणाच्या दुकानाबद्दल लिहायचंच आहे. बेकरीवाल्याला जागा हवी आहे, तू त्याला महिनाअखेरपर्यंत थांबवून धरलं आहेस, आई 'विकून टाका एकदाचं' म्हणते आहे आणि मी नुसती मान हलवतो आहे. तू माझ्यावर वैतागली असशील, आणि ते बरोबरच आहे. पण आधी मला त्या खेळाबद्दल सांगू दे. त्याशिवाय दुकानाचं मला नीट सांगता येणार नाही.

खोकं उघडलं तेव्हा माझी काही फार अपेक्षा नव्हती. तू शाळेत असताना तुझ्याकडे तो बटणांचा खेळ होता, आठवतो? एकदा मला जबरदस्तीनं खेळायला बसवलंस. 'बाबा, उडी! उडी मारा!' असं तू ओरडायचीस आणि उडीचं बटण सापडेपर्यंत माझा माणूस खड्ड्यात पडून मेलेला असायचा. मग तू म्हणालीस, 'तुम्ही लिफ्टची बटणं बसवता ना? मग?' अगं, लिफ्टची बटणं वेगळी. त्यांच्यावर आकडे असतात, आणि तरीही वर जायचं असलेला माणूस दोन्ही बाण दाबतो. शिवाय लिफ्ट बहिरी असल्यासारखा पुन्हा पुन्हा दाबतो. माणसाचं आणि बटणाचं फारसं जमत नाही, असं माझं नोकरीभराचं मत झालं आहे. त्यामुळे या नव्या यंत्राचा तो साबणाच्या वडीएवढा पांढरा रिमोट हातात आला, तेव्हा मी आधी त्यावरची बटणं पाहिली आणि मनात म्हटलं, झालं, पुन्हा खड्डा.

पण यात बटण शोधावंच लागलं नाही. रिमोटची दोरी मनगटात अडकवायची आणि हात हलवायचा. तो चेंडूचा खेळ लावला. लांबलचक लाकडी पट्टीच्या टोकाला बाटल्यांच्या आकाराच्या खुंट्या उभ्या असतात, चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या. मी हात मागे नेला, पुढे आणला, आणि पडद्यावरच्या माझ्या बाहुल्यानं तेच केलं. निम्म्या खुंट्या आडव्या! कोणी काही शिकवलं नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा टाकला. त्यानंतर चहा गार झाला, आईनं हाक मारली, तरी मी टाकतच होतो. मी विचार करू लागलो की आपल्याला नेमकी कशाची गंमत वाटते आहे. जिंकण्याची तर नव्हेच, कारण एकटाच खेळत होतो.

तू ते यंत्र आईच्या मनगटासाठी पाठवलं होतंस, हे माझ्या लक्षात होतं. दुकानाच्या पायरीवरून पडली तेव्हापासून उजवा हात हाडाच्या डॉक्टरांच्या दृष्टीनं बरा झाला आहे आणि तिच्या दृष्टीनं मेला आहे. भांडी उचलते, कपडे वाळत घालते, पण शिंप्याची ती मोठी कात्री जाड कापडावर चालवायला गेली की मनगट मध्येच साथ सोडतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो आता कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आहे. म्हणून मी खेळात तिचीही बाहुली केली. चष्मा दिला, अंबाडा दिला, नाक जरा जास्तच मोठं झालं. शेवटी पडद्यानं विचारलं, कोणता हात, उजवा की डावा? मी न विचारताच उजवा दाबला. ज्या हाताला व्यायाम हवा तोच नको का? तिनं माझ्या आग्रहाखातर दोनदा हात हलवला. चेंडू दोन्ही वेळा कडेच्या नाल्यात गेला. तिनं मनगट चोळलं, रिमोट सोफ्यावर ठेवला आणि म्हणाली, 'अहो, हे पोरखेळ तुम्हीच खेळा. आणि ते नाक माझं नाही.'

ती काही हात लावेना, पण बाकीच्यांनी लावला. वर राहणारी बसवाली एकदा डबा परत द्यायला आली. बस चालवून ती आता निवृत्त झाली आहे, पण अजून जिना उतरतानाही वळणावर आरशात बघावं तसं तिरकं पाहते. तिला मी रिमोट दिला तर म्हणाली, 'मला नाही बाबा जमायचं यातलं काही, माझा नातू मला मोबाईलला हात लावू देत नाही.' आणि दहा मिनिटांनी ती आमच्या खुर्च्या भिंतीला सरकवत होती, हात मोकळा फिरायला हवा म्हणून. टेनिस खेळताना ती फटका मारत नाही, गाडी वळवते. दोन्ही कोपरं बाहेर, आणि चेंडू आला की सगळं अंग डावीकडे टाकते. दुसऱ्या दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या न्हाव्याला आणलं. तो तर हात हलवतच नाही, नुसतं मनगट फिरवतो, गालावरून वस्तरा फिरवावा तसं हलकं, आणि फटका बरोबर बसतो! बसवाली चिडून म्हणाली, 'अरे, हजामत करतोयस की खेळतोयस?' तो म्हणाला, 'ताई, माझ्या हातून आजवर कोणाला कापलेलं नाही, तुम्ही तुमच्या धडकांचं सांगा.' तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी हजर असतात.

मी लिफ्टमध्ये उभ्या माणसांकडे बघत आयुष्य काढलं, त्यामुळे कोण कुठे बघतं हे माझ्या आपोआप लक्षात येतं. आमच्या खोलीत पडद्याकडे फक्त खेळणारा बघतो. बाकीचे सगळे खेळणाऱ्याकडे बघत असतात. तुझ्या त्या जुन्या खेळात तू कोपऱ्यात बसायचीस, फक्त अंगठे हलायचे, आणि मागून बघणाऱ्याला तुझ्या वेणीशिवाय काही दिसायचं नाही. इथे माणूस दिसतो. बसवाली दिसते, न्हावी दिसतो, मी म्हणे चेंडू सोडताना लिफ्टचा दरवाजा ओढल्यासारखा खांदा ओढतो. पोरांना हे कदाचित बावळटपणाचं वाटेल. न्हाव्याच्या मुलानं एकदा येऊन दाखवलं की सोफ्यावर पडून नुसता हात झटकला तरी सगळं जमतं, उभं राहायची गरजच नाही. आम्ही त्याला शाबासकी दिली, आणि तो गेल्यावर सगळे पुन्हा उभे राहून खेळायला लागलो. पडून खेळायचं तर आम्ही पत्ते काढले असते.

तुझी आई या सगळ्यात चहा करून द्यायची आणि दारात उभी राहून बघायची. हसायची. पडल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे खेळाचे गुण कुणाला किती यापेक्षा माझं लक्ष दाराकडे जास्त. 'एकदा ये,' म्हटलं की मनगट दाखवायची. मग एका दुपारी मी भाजी घेऊन आलो. दार लोटलेलं होतं. आतून खुंट्या पडल्याचा आवाज आला, आणि त्या यंत्रातून जो टाळ्यांचा गजर होतो ना, तो. मला वाटलं बसवाली लवकर आली. पिशवी हातात धरून डोकावलो तर तुझी आई. एकटी. रिमोट डाव्या हातात. उजवा हात पाठीमागे, कमरेवर टेकवलेला. डावा पाय पाठी तिरका, गुडघा वाकवलेला, आणि चेंडू सोडला तर हात शेवटी कानापर्यंत गेला, न अडखळता. सगळ्या खुंट्या पडल्या. तिनं लगेच पुढचा टाकला. मी पाहत राहिलो. चौथ्या की पाचव्या वेळी मला पाहिलं तिनं, आणि काय म्हणाली असेल? 'भाजी नासकी तर नाही ना आणली?'

मी आधी म्हटलं, उजवा दुखतो म्हणून डाव्यानं खेळली असेल, त्यात काय. पण मग डोक्यात किडा वळवळू लागला. डाव्यानं खेळली हे ठीक, पण इतकं चांगलं कसं? मी स्वतः डाव्या हातानं टाकून पाहिलं. चेंडू मागे उडाला आणि पडद्यावर माझ्या बाहुल्याच्या मागे उभ्या असलेल्या बाहुल्यांनी घाबरून उड्या मारल्या. बसवालीनं टाकून पाहिलं, ती तर गाडी नाल्यात घालून मोकळी झाली. न्हाव्यानं डावा हात पुढे करायलाच नकार दिला, म्हणाला पोटाचा प्रश्न आहे. मग माझा संशय यंत्रावर गेला. बाहुलीचा हात तपासला, तर तिथे आता 'डावा' होतं. तिनं माझ्या नकळत बदललं होतं. म्हटलं, डाव्या हातवाल्यांना यंत्र झुकतं माप देत असेल. तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट का होते ते कळलं नाही की जेवण उतरत नाही.

म्हणून लहान पेचकसानं रिमोट उघडला. रागावू नकोस, परत नीट लावला आहे. मला वाटलं होतं आत लोलक असेल, गोटी असेल, काहीतरी हलणारं असेल. तर आत एक हिरवी पट्टी आणि काळे ठिपके. शेवटी मोबाईल दुरुस्त करणारीकडे घेऊन गेलो. तिनं एका ठिपक्यावर नख ठेवून सांगितलं, 'काका, हलणारं आहे ना, याच्या आत आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक वजन, स्प्रिंगवर टांगलेलं. तुमचा हात जिकडे जातो तिकडे ते मागे राहतं, आणि किती मागे राहिलं ते यंत्र मोजतं.' मला इतका आनंद झाला की काय सांगू! आमच्या लिफ्टमध्येही अगदी तसंच असतं. लिफ्ट प्रमाणाबाहेर वेगानं खाली येऊ लागली की फिरत्या चाकावरची लोखंडी वजनं बाहेर फेकली जातात आणि ब्रेक पकडतो. लिफ्टला काही दिसत नाही, वजन हललं एवढंच तिला कळतं. म्हणजे हे यंत्रही आंधळं. त्याला तुझी आई दिसत नाही, तिचं वय, तिचा प्लास्टर काढलेला हात, काही दिसत नाही. हात कसा गेला तेवढंच कळतं. मग ते झुकतं माप देईलच कसं? तिचा हातच तसा जात होता.

आता उरली तुझी आई. मी तिच्याकडे एखाद्या अडलेल्या लिफ्टकडे बघावं तसा बघायला लागलो. आणि ठकू, सगळं समोरच होतं. डास मारते तो डाव्या हातानं. सुईत दोरा ओवते तेव्हा सुई उजव्यात, दोरा डाव्यात. बरणीचं घट्ट झाकण तिच्या डाव्याला ऐकतं. तू लहान असताना तुला कडेवर घ्यायची ती उजव्या बाजूला, म्हणजे डावा हात मोकळा राहायचा. तुझे सगळे फोटो काढून पाहिले. तरीही लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं, कापड कापते ते उजव्यानं. मी बुचकळ्यात पडलो. तिला विचारलं तर म्हणाली, 'काहीतरीच तुमचं,' आणि भांडी आवरायला गेली. तेव्हा मी मामाला फोन केला.

मामा तिला 'डावू' म्हणतो, तुला माहीतच आहे. तूही लहानपणी तिला एकदोनदा डावू म्हणून मार खाल्ला आहेस. मी लग्नापासून समजत होतो की हे दादू, बाबू, तसलं काहीतरी लाडाचं नाव, त्याला अर्थ नसणार. मामाला म्हटलं, 'अरे, तुझी बहीण डावखुरी आहे का?' मग तो जो हसत सुटला, तो थांबेना. 'भावोजी, मी इतकी वर्षं तुमच्यासमोर तिला काय म्हणतोय? डावरी म्हणून डावू! तुम्हाला काय वाटलं, डावपेचातली?' मग त्यानं सांगितलं. त्यांची आत्या त्यांच्याकडेच राहायची. डाव्या हातानं काही घेतलं की ती वस्तू काढून घ्यायची, उजव्यात द्यायची. मारलं वगैरे नाही, नुसतं काढून घ्यायची. पाटीवरची पेन्सिल, चमचा, भोवरा. 'पण गोट्या ती डाव्यानंच खेळायची,' मामा म्हणाला, 'आत्या घरात असायची तेव्हा आम्ही गल्लीत. सगळ्या माझ्या जिंकल्या तिनं.'

मी आईला सांगितलं की मामाशी बोललो. लपवून काय ठेवायचं. म्हटलं, तू मला कधी सांगितलं का नाहीस? ती कणीक तिंबत होती. हात न थांबवता म्हणाली, 'अहो, लपवलं कुठे? कोणी विचारलं नाही. मलाही आठवण राहिली नव्हती. त्या पडद्यानं विचारलं, उजवा की डावा, म्हणून बोट तिकडे गेलं.' आणि मग आपणहून म्हणाली, 'खेळताना बरं वाटतं हो. शिकल्यासारखं नाही वाटत. गल्लीत गेल्यासारखं वाटतं.' गंमत नेमकी कशाची, या माझ्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. बसवालीचं, न्हाव्याचं आणि माझंही तेच असावं. जे हाताला आधीपासून येतं तेच हे यंत्र मागतं, आणि त्यासाठी टाळ्या वाजवतं. म्हातारपणी अशा टाळ्या कोण वाजवतो?

आता दुकान. परवा सकाळी ती किल्ली घेऊन निघाली. म्हणाली, बेकरीवाल्याला द्यायच्या आधी झाडून घेते. मी मागोमाग गेलो. शटर उचललं, धूळ झटकली, मशीनवरचं कापड काढलं. मग तिनं एक जुनं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं, खडूनं शाळेच्या शर्टाची बाही आखली आणि मोठी कात्री डाव्या हातात घेतली. कात्रीनं कागद कापला नाही, चावला. दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसला. तिनं जुनी चादर कापून पाहिली, तेच. कात्री खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, 'शिवणाच्या वर्गात पहिल्या दिवशी अस्संच झालं होतं. मास्तर म्हणाले, हात बदल. बदलला. आता तोही हात गेला. विकून टाका.' आणि खरोखर झाडायला लागली. मशीनवर तिचं काही अडत नाही बघ. कापड सरकवायला डावा हात तिथे लागतोच. सगळं अडतं ते कापणीपाशी.

ती झाडत होती तेवढ्यात मी कात्री उलटीपालटी करून पाहिली, पेच सैल करून पाती वेगळी करून पाहिली. अगं, हात चुकीचा नव्हता. कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजव्यात धरून दाबलं की अंगठा आणि बोटं मिळून पाती एकमेकांवर घासत आणतात. तीच डाव्यात धरली की तोच जोर पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मग मधे कापड चेपणारच. शिवाय जिथे कापायचं ती खडूची रेघ पात्याखाली लपते. आणि अंगठ्याची कडी तर उलट बाजूनं हाडात रुतते. पाती अदलाबदल करून उपयोग नाही, धार चुकीच्या अंगाला येते. मास्तरांना हे माहीत नसावं, त्यांच्याकडे एकाच तऱ्हेच्या कात्र्या होत्या. मी तिला यातलं काही बोललो नाही. पेच घट्ट करून कात्री जागेवर ठेवली.

हे पत्र लिहिण्याचं कारण असं की, डाव्या हातासाठी घडवलेली शिंप्याची कात्री असते. मोबाईल दुरुस्त करणारीनं मला तिचं चित्र दाखवलं, पण इथे कोणाकडे नाही. तुझ्या तिकडच्या मोठ्या बाजारात नक्की मिळेल. दुकानदार म्हणेल ही दोन्ही हातांना चालते, तर ती घेऊ नकोस. कात्री डाव्या हातात धर, टोक समोर कर. वरचं पातं डाव्या बाजूला दिसलं पाहिजे. मूठ नुसती वळवलेली असेल आणि पाती तशीच असतील तर परत कर. जाड कापडाचे चार पदर तिथेच कापून बघ. महिनाअखेरीला येशील तेव्हा बेकरीवाल्याला सोबत आणू नकोस, त्याला सांग बाबांचं अजून काही ठरत नाही, माझ्यावर ढकल. आईला आधी काही कळवू नकोस. पडदा विचारतो तसं कात्री टेबलावर ठेवायची आणि आपण दोघांनी दाराशी उभं राहून गप्प बसायचं. तिनं कापून पाहिल्यावरही ती 'विकून टाका' म्हणाली, तर मी स्वतः जाऊन किल्ली देऊन येईन, आणि तेव्हा मान नुसती हलवणार नाही, मनापासून हलवीन. पण तोवर तिनं दुकान सोडलं आहे असं मी मानत नाही. आतापर्यंत फक्त कात्रीनं तिला सोडलं आहे.

तुझाच,
घरातल्या खेळात सध्या सगळ्यात खालच्या नंबरावर असलेला
बाबा